मंडळी

मंडळी, नमस्कार.

हा शब्द मी मुद्दाम वापरला. तुमच्यासाठी तो सभेला हाक मारायचा शब्द आहे. माझ्या आजीसाठी मंडळी म्हणजे चर्च. मराठी शास्त्रात तोच शब्द आहे. शास्त्र म्हणजे बायबल. आजी शास्त्रच म्हणायची. "मंडळीत जाऊन येते गं," असं माझ्या आईला सांगून दर रविवारी पांढरं नऊवारी नेसून निघायची. लहानपणी व्याख्यानाला गेलं आणि वक्ता "मंडळी" म्हणाला की मला वाटायचं, हे आपल्याच देवळातले!

पत्रिकेवर विषय छापलाय, 'मराठी ख्रिस्ती स्त्रियांचं मराठीला देणं'. त्याकडे येतेच, पण आधी आजी.

मागच्या वर्षी एका कार्यालयात माझं नाव वाचून खिडकीतल्या बाई एकदम इंग्रजीत सुरू झाल्या. मी मराठीत उत्तर दिलं तर कौतुकानं म्हणतात, "किती छान बोलता हो तुम्ही मराठी!" त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. पण मला ते लागलं. अहो, माझ्या आजीला मराठीखेरीज दुसरी भाषाच येत नव्हती. देवाशीसुद्धा ती नगरकडच्या मराठीत बोलायची, तेही एकेरीत. "प्रभू, एवढं बघ रे बाबा."

लग्न होऊन ती पुण्यात गुरुवार पेठेत आली. पंचहौदाचं देऊळ तुम्हाला माहीत आहे. पवित्र नाम देवालय, 1885 सालचं, शेजारी उंच घंटेचा मनोरा. आमचा वाडा त्या घंटेच्या टप्प्यात. तिचं शास्त्र जुन्या लुगड्याच्या तुकड्यात बांधलेलं असायचं. त्याची गाठ ती दातांनी सोडायची, कारण एका हातात चष्मा. चष्म्याची एक काडी मोडलेली, तिथं काळा दोरा कानामागे गुंडाळलेला.

शेजारी काकू राहायच्या. आजीहून वीसेक वर्षांनी लहान, पण दोघींचं मेतकूट. दुपारी काकू आमच्या उंबऱ्यावर येऊन बसायच्या. आत नाही, उंबऱ्यावर. घरी सासूबाईंचं कडक सोवळं. दिवाळीला त्यांच्याकडून फराळाचं ताट यायचं. नाताळात आमच्याकडेही करंज्या, चकल्या, अनारसे व्हायचे, पण काकूंकडे जायचा नारळ, साखर आणि केळी. अख्खी, सालासकट. संत्रंही आजी न सोलता त्यांच्या हातात ठेवायची. आई चिडायची. "आपण त्यांचं खातो, मग त्या आपलं का नाही?" आजी म्हणायची, "तिला घरात सासू आहे. माझ्या घोटभर चहापायी तिनं बोलणी खायची का?"

इथं पंचहौदाचा चहा आठवल्याशिवाय राहत नाही. 1890 साली त्याच मिशनमध्ये पुण्यातली प्रतिष्ठित माणसं व्याख्यानाला गेली आणि त्यांच्यापुढे चहा-बिस्किटं आली. लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. गोपाळराव जोशांनी नावांची यादी वर्तमानपत्रात छापून आणली आणि ग्रामण्य, म्हणजे जातीतून वाळीत टाकण्याचा वाद, उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं, रानड्यांनाही शेवटी प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आजीला हे सगळं तोंडपाठ. "एवढ्या मोठ्या माणसांना चहा एवढा महागात पडला," म्हणायची, "मग त्या पोरीचं काय?"

मग काकूंच्या सासूबाई वारल्या. तेरावं झालं, महिनाभर गेला. एका संध्याकाळी काकू आल्या, उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात येऊन पाटावर बसल्या. म्हणाल्या, "मावशी, चहा टाका." आजीनं आधण ठेवलं. आलं ठेचताना तिनं दोनदा खलबत्त्याबाहेर मारलं. निळ्या काठाची कपबशी काढली, ती फक्त देवळातले पाळक आले की निघायची. बशी हातात कडकड वाजत होती. काकूंनी चहा संपवला, कप स्वतः मोरीत विसळला. दोघी एक अक्षर बोलल्या नाहीत.

चिठ्ठी आली आहे, दहाच मिनिटं राहिलीत. मुद्द्यावर येते.

सन 1616 मध्ये फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं, मराठी ओवीत. 1842 साली नगरहून ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक निघालं. ही पुरुषांची नावं नेहमी घेतली जातात, म्हणून बायकांची घेते. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं शास्त्र मराठीत आणलं, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. ते 1924 मध्ये प्रसिद्ध झालं, तेव्हा त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती. मुळाक्षरं लग्नानंतर शिकलेल्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' तर तुम्ही सगळ्यांनी वाचली आहेत. सोवळ्यातल्या घरात वाढलेली ही बाई; नवऱ्यानं 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा तिच्यावर आभाळ कोसळलं. ते दुःख तिनं ज्या मराठीत लिहिलं, ती ओसरीवर बसून बोलायची मराठी आहे. आणि तिच्या त्याच नवऱ्यानं, रेव्हरंड ना. वा. टिळकांनी, येशूला अभंगात आणलं, म्हणून माझ्या आजीला जात्यावर त्याचं नाव घेता आलं. धर्म बदलला तरी ओवी घरातच राहिली, आणि ती या आज्यांनी राखली. मला सांगायचं होतं ते एवढंच. यावर खरं तर तासभर हवा होता.

एक मिनिट आणखी घेते, अध्यक्षांनी क्षमा करावी.

आजी गेली त्या दिवशी आमच्याकडे चूल पेटली नाही. पिठलं-भात काकूंच्या घरून आला. दफनाआधी देवळात उपासना होती. काकू आल्या, मागच्या बाकावर पदर घेऊन बसल्या. चर्चमध्ये त्या पहिल्यांदाच येत होत्या. कधी उठायचं, कधी बसायचं, सगळं शेजारणीकडे बघून करत होत्या. मग आजीचा आवडता टिळकांचा अभंग सुरू झाला. टाळ होते, तबला होता. चाल काकूंच्या ओळखीची निघाली. दुसऱ्यांदा ध्रुवपद आलं तेव्हा मी मागे वळून पाहिलं. काकू म्हणत होत्या.