बाहुलीच्या किल्ल्याला चिऱ्याची भिंत

नमस्कार, श्रोतेहो. दिवाळीत मुले अंगणात मातीचे किल्ले करतात आणि पहिल्या जोराच्या पावसात ते विरघळून जातात. आज बोलायचे आहे ते वर्षानुवर्षे घरात राहणाऱ्या किल्ल्याबद्दल. बाहुलीघराच्या मापाचा, आत पलंग-पेटारे मांडलेला आणि बाहेरून चिऱ्याने, म्हणजे जांभ्याच्या घडीव दगडाने, बांधल्यासारखा दिसणारा. बोलण्यात आकडे बरेच येतील, म्हणून कागद-पेन्सिल जवळ असू द्या.

चिराच का? बाजारात मिळणारे बाहुलीचे किल्ले राखाडी दगडाचे असतात, कारण त्यांचा नमुना युरोपातला. आपल्याकडे गोव्यात १६१२ चा आग्वाद किल्ला घ्या, १६१७ चा शापोरा घ्या, मांडवीच्या काठचा रेईश मागूश घ्या. तिथला लाल, भोकाभोकांचा जांभा दगड आपल्या ओळखीचा आहे. छोटे काम करताना खरी वस्तू डोळ्यांसमोर हवी, आणि चिरा तर शेजारच्या कुंपणातही सापडतो. त्याच्याजवळ जाऊन सांधे बघा, कोपरे बघा, पाऊस कुठून ओघळतो ते बघा. भिंत खरी वाटते ती बारीक नक्षीमुळे नाही, सांधा आणि कोपरा बरोबर असल्यामुळे. म्हणून आज वेळ जास्त दगडावरच देणार आहे.

माप घ्यायचे १:१२, म्हणजे खऱ्या एका फुटाला आपला एक इंच. इंग्लंडच्या राणी मेरीसाठी वास्तुविशारद एडविन लट्यन्स यांनी आखलेले आणि १९२४ मध्ये पुरे झालेले बाहुलीघर याच मापाचे. बांधकामाचा चिरा साधारण चौदा इंच लांब, नऊ इंच रुंद, सात इंच उंच धरला, तर आपला दगड होतो ३० मिलिमीटर लांब, १९ रुंद, १५ उंच. पूर्ण जाडीचे दगड करायची गरज नाही. पाठीमागे पुठ्ठ्याची किंवा एमडीएफची, म्हणजे दाबीव लाकडी भुशाच्या फळीची, भिंत असते, तिच्यावर ४ मिलिमीटर जाडीचे दगड चिकटवायचे. ३० सेंटिमीटर लांब आणि २० सेंटिमीटर उंच भिंतीला, एक मिलिमीटरचा सांधा धरून, १२० च्या आसपास दगड लागतात. तुटफूट धरून १४० करा.

दगड करायला अंड्यांच्या ट्रेचा लगदा उत्तम. ट्रेचे तुकडे रात्रभर भिजवा, मिक्सरमधून काढा, फडक्यात घट्ट पिळा. पिळलेल्या दोन वाट्या लगद्याला अर्धी वाटी फेव्हिकॉल आणि अर्धी वाटी खडूची पूड घालून कणकेसारखे मळा. लगदा नीट पिळला नाही तर दगड सुकताना आक्रसतात आणि कडा वर उचलतात. प्लॅस्टिकच्या कागदावर ४ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या समांतर ठेवून मधे लगदा घाला आणि लाटणे पट्ट्यांवरून फिरवा. जाडी सगळीकडे सारखी येते. अर्धवट सुकल्यावर, बोट लावले तर खूण उमटते पण चिकटत नाही अशा वेळी, पट्टी धरून सुरीने कापा. ओल्यात कापला तर लगदा सुरीबरोबर ओढला जातो, पूर्ण सुकल्यावर कडेचे तंतू फाटतात.

भोके याच टप्प्यावर पाडायची. जुना टूथब्रश उभा धरून हलके टोचा, मग दातकोरणीने थोडी भोके पाडा. एक मिलिमीटरचे भोक म्हणजे खऱ्या चिऱ्यात सव्वा सेंटिमीटरचे, तेवढे शोभते. काडेपेटीच्या काडीने सगळीकडे भोके पाडली की दगड चाळणीसारखा दिसतो आणि माप तिथेच फसते. काही दगड जवळजवळ सपाट राहू द्या.

चिकटवण्याआधी एक काम विसरायचे नाही. पुठ्ठ्याच्या एकाच बाजूला ओला थर बसला की सुकताना तो भिंतीला आपल्याकडे ओढतो आणि भिंत धनुष्यासारखी वाकते. म्हणून मागच्या बाजूलाही कागद डकवा आणि दोन्ही बाजू बरोबर सुकू द्या. मग खालच्या थरापासून सुरुवात. दुसऱ्या थराचा सांधा पहिल्या थरातल्या दगडाच्या मध्यावर यायला हवा. उभे सांधे एकावर एक आले की भिंत लादी बसवल्यासारखी दिसते.

कोपऱ्यावर बहुतेक कामे उघडी पडतात. दोन भिंती जोडल्या की ४ मिलिमीटरची पातळ कड दिसते आणि दगड खोटा आहे हे कळते. खऱ्या बांधकामात कोपऱ्याचा चिरा एका बाजूने लांब दिसतो, दुसऱ्या बाजूने आखूड. वरच्या थरात उलट. तसेच करायचे: एक तुकडा ३० मिलिमीटरचा, एक १९ चा, दोघांची एकेक कड ४५ अंशात तासून काटकोनात जोडा. सांध्याच्या रेषेवर लगद्याची पातळ पेस्ट भरून वाळल्यावर पॉलिशपेपरने घासा आणि तिथेच दोन-तीन भोके पाडा, रेषा नाहीशी होते. हे कोपऱ्याचे दगड आधी लावून मधली भिंत नंतर भरली, तर थर सरळ राहतात.

दरवाज्याची कमान. हार्डवेअरच्या दुकानात ७५ मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप मिळतो, तोच साचा. त्याला प्लॅस्टिक गुंडाळा, नाहीतर कमान पाइपालाच चिकटते. कमानीला दगड अकरा, म्हणजे माथ्याचा दगड बरोबर मधे येतो. प्रत्येक दगड खाली १० मिलिमीटर, वर १५, उंची १८. पुन्हा सांगतो: खाली १०, वर १५, उंची १८. दोन्ही टोकांपासून लावत वर या आणि माथ्याचा दगड शेवटी, गरज असेल तर तासून बसवा. चौकोनी दगड वळवून कमान केली तर वर पाचरीसारख्या फटी पडतात, आणि कितीही चुना भरला तरी त्या डोळ्यांत भरतात.

बुरुजाच्या टोकाला रेईश मागूशसारखी घुमटीची गोल पहारा-कोठडी हवीच. पुठ्ठ्याची नळी घ्या, पण गोलाईवर लांब दगड बसत नाहीत, कडा उचलतात. तिथे दगड निम्म्या लांबीचे कापा आणि लगदा ओलसर असतानाच नळीवर चिकटवा.

आता रंग. लगदा पाणी शोषतो, म्हणून आधी पातळ फेव्हिकॉलचा एक हात. तीन वाट्यांत तीन रंग करा: नुसता गेरू, गेरूत पिवळी माती, गेरूत जरासा काळा. दहांतले सहा दगड पहिल्याचे, तीन दुसऱ्याचे, एक तिसऱ्याचा, आणि क्रम ठरवून नको. सगळी भिंत एकाच लाल रंगात बुडवली की सुट्या दगडांची मेहनत वाया जाते. सांध्यांत वॉल पुट्टी, थोडा फेव्हिकॉल आणि चिऱ्याची वस्त्रगाळ पूड. किनाऱ्यावरची वाळू नको. तिचा कण या मापात खडीएवढा दिसतो आणि तिच्यातले मीठ ओल धरते. शेवटी अगदी पातळ काळपट पाणी वरून सोडा आणि लगेच फडक्याने टिपा. काळे जास्त कुठे? तटाच्या माथ्यावर, खिडक्यांच्या खाली आणि पायाच्या दोन-तीन सेंटिमीटरांत, जिथे पागोळ्यांचे पाणी उडते.

आत या. लाकडी सामानात सगळ्यात जास्त चूक होते ती जाडीची. ५ मिलिमीटरच्या प्लायचे टेबल म्हणजे खऱ्यात ६ सेंटिमीटर जाड फळी. टेबलाचा माथा दोन मिलिमीटरचा पुरे. टेबलाची उंची ६३ मिलिमीटर, खुर्चीची बैठक ३८, पलंग १६५ लांब. सागवानाच्या रेषा या मापात भरड दिसतात. फण्या करतात ते हेदाचे लाकूड किंवा शिवण घ्या, ते नसेल तर आइस्क्रीमच्या काड्या. पलंगाचे खांब कातायला बांबूची काडी ड्रिलमध्ये पकडा, दुमडलेला पॉलिशपेपर फिरत्या काडीला लावा आणि खाचा पाडा. डोळ्याला चष्मा लावूनच. चारही खांब एकाच बैठकीत काता, कारण दुसऱ्या दिवशी हात तसाच चालत नाही. जुन्या गोमंतकीय खुर्च्यांना वेताची विणलेली बैठक असते, तिच्यासाठी भरतकामाचे मॅटीचे कापड चहाच्या पाण्यात रंगवून ताणून लावा.

खिडक्यांना शिंपल्यांची तावदाने हवीत. खरे शिंपले गोळा करू नका, ती जात कायद्याने संरक्षित आहे आणि या मापाला त्यांची गरजही नाही. चणकासारख्या मोठ्या माशाचे खवले घ्या. मिठाच्या पाण्यात रात्रभर, मग साबणाने धुऊन, लिंबाच्या पाण्यातून काढा, वास जातो. उघड्यावर सुकवले तर खवला पन्हळीसारखा वळतो, म्हणून दोन टिपकागदांमध्ये वजनाखाली ठेवा. सुकल्यावर ६ मिलिमीटरचे चौकोन कापून पातळ पट्ट्यांच्या जाळीत मागून चिकटवा. आत दिवा लागला की खवल्यावरची बारीक वलये दिसतात आणि प्रकाश दुधाळ होतो. दिवा बॅटरीवरचा छोटा एलईडीच. पणती नको, सगळा किल्ला कागदाचा आहे.

दालनाच्या एका भिंतीवर कावी, म्हणजे गेरूचा थर कोरून खालच्या पांढऱ्यात उमटवलेली नक्षी, करता येते. जाड कार्डावर पांढऱ्या रंगाचे दोन हात, वर गेरूचा एक, आणि गेरू आंबट ओला असताना सुईने वेल कोरायचा. पूर्ण वाळला की गेरूचे कपचे उडतात.

राहिला आपला पाऊस. जून ते सप्टेंबर नवीन लगदा करू नका. वाळायला दिवसचे दिवस लागतात आणि तोवर बुरशी धरते. मैद्याची खळ वापरायचीच असेल तर बुकबाइंडर घालतात तसा चिमूटभर मोरचूद घाला, पण ते विष आहे, मुलांच्या हाती देऊ नका. टाचण्या आणि खिळे पितळेचे घ्या, लोखंडाचा गंज खाऱ्या हवेत रंगातून वर येतो. किल्ला भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे चार बोटे जागा सोडा. छप्पर चिकटवू नका, नुसते ठेवा. म्हणजे महिन्यातून एकदा ते उचलून आत कोरडा ब्रश फिरवता येईल आणि पलंगाखाली कसर लागली आहे का, तेही बघता येईल.