मुळशी १९२१: जान किंवा जमीन

[दृश्य: ताम्हिणीच्या वाटेवरून दिसणारा मुळशीचा जलाशय]

निवेदन:

भारतातल्या पर्यावरण चळवळीची गोष्ट निघाली, की कॅमेरा थेट हिमालयात जातो. १९७३, चिपको, झाडाला मिठी मारलेल्या बाया. आपण मात्र पुण्याहून पौडच्या पुढे आलोय, आणि पन्नासेक वर्षं मागेही.

हे पाणी आहे ना, त्याच्याखाली भातखाचरं आहेत. आंबेमोहोराची. मावळातली ही चांगली जमीन. आणि टाटांच्या वीज कंपनीला नेमकं इथंच, मुळा-नीलेच्या संगमापाशी धरण हवं होतं. मुंबईच्या गिरण्यांना वीज लागत होती.

[दृश्य: खाचराचा बांध, जवळून]

कंपनीनं सुरुवात कशी केली? जमीन कुणाची हे न विचारता शेतात चर खणायला घेतले. एका शेतकऱ्यानं हरकत घेतली, तर इंग्रज इंजिनिअरनं त्याच्यावर पिस्तूल रोखलं. १८९४ चा भूसंपादन कायदा सरकारच्या हाताशी होताच. पन्नासच्या आसपास गावं उठणार होती.

१६ एप्रिल १९२१. रामनवमी. बाराशेच्या आसपास मावळे, त्यात बायकाही, धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. पुढे होते पांडुरंग महादेव बापट. पॅरिसमध्ये बाँबची विद्या शिकून आलेला हा माणूस, त्याला ‘सेनापती’ ही पदवी मिळाली ती याच लढ्यातून. सोबत विनायकराव भुस्कुटे.

कंपनीनं काही महिने काम थांबवलं आणि पुन्हा सुरू केलं. मग तुरुंगवाऱ्या सुरू झाल्या.

आता जरा अवघड भाग. मावळातल्या बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या नावावर गेल्या होत्या. कसणारा वेगळा, सातबाऱ्यावरचा वेगळा. सावकाराला मोबदला चालणार होता, कुळाला जमीनच हवी होती. पुण्यातल्या पुढाऱ्यांचा सूर हळूहळू ‘मोबदला तरी नीट मिळवू’ असा होत गेला. लढा कंपनीनं मोडला असं म्हणतात. आमच्या मते तो आतूनच उसवला होता.

१९२४ च्या अखेरीस बापटांनी शेवटचा डाव टाकला. मोजक्या साथीदारांसह, पिस्तूल घेऊन, त्यांनी धरणाच्या कामावरची रेल्वेगाडी अडवली. शिक्षा झाली सात वर्षांची. ते सुटले १९३१ मध्ये, तोवर धरण उभं राहिलं होतं.

‘पर्यावरण’ हा शब्द त्या मावळ्यांच्या तोंडी नव्हता. पण वीज कुणाला, बुडणार कोण, आणि हे ठरवणार कोण, हे त्यांनी विचारलं होतं. नर्मदेच्या खोऱ्यात हेच पुन्हा विचारलं गेलं, साठेक वर्षांनी.

[दृश्य: सह्याद्रीचा कडा, खाली भिऱ्याचं वीजघर]

मुळशीचं पाणी मूळचं पूर्वेला, भीमेच्या खोऱ्यात जाणारं. ते कड्यावरून पश्चिमेला भिऱ्याला सोडतात, वीज काढतात. पाऊस दगा देतो त्या वर्षी पुण्यात हटकून मागणी निघते: मुळशीचं पाणी परत इकडं वळवा.