वार झाल्यावरचा दम

श्रोतेहो, नमस्कार.

माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे. गेल्या मे महिन्यात तो आमच्याकडे राहायला आला, तो प्लेस्टेशन बॅगेत घालूनच. एका रात्री जेवणं आटोपल्यावर त्याने कंट्रोलर माझ्या हातात दिला. पडद्यावर जहाजाच्या पोटातला अंधार, आणि समोर एक अवाढव्य राक्षस. त्याच्या हातांना साखळ्या, साखळ्यांच्या टोकांना लोखंडी गोळे. मी चौकोनाचं बटण दाबत सुटलो. माझा योद्धा सपासप तलवार फिरवत राहिला आणि एकाएकी वाकून धापा टाकायला लागला. त्याचा हात उचलेना. तेवढ्यात गोळा आला आणि खेळ खलास. असं सात-आठ वेळा झाल्यावर भाचा म्हणाला, "मामा, तू नुसता बडवत सुटतोस. वार झाला की जरा दम खा ना!"

या खेळाचं नाव ‘निओ’. टीम निंजा या जपानी स्टुडिओने तो घडवला आणि 2017 च्या फेब्रुवारीत तो प्लेस्टेशन 4 वर आला. आधीच सांगतो, खेळ प्रौढांसाठी आहे, रक्तपात भरपूर आहे. घरातल्या लहान मुलांच्या हाती देऊ नका. मोठ्यांना मात्र मी तो आवर्जून सांगेन, आणि तो त्या दमासाठी.

कंट्रोलर कधीच हातात न धरलेल्या श्रोत्यांसाठी थोडं सावकाश सांगतो. पडद्याच्या कोपऱ्यात दोन पट्ट्या असतात. एक जीवाची, दुसरी ‘की’ची. जपानी ‘की’ म्हणजे अंगातली प्राणशक्ती. आपल्याकडे त्याला सरळ दम म्हणतात. प्रत्येक वाराला, प्रत्येक उडीला दम खर्च होतो. तो संपला की योद्धा जागच्या जागी लटपटतो. इथपर्यंत इतर खेळांतही असतंच. ‘निओ’तली गंमत पुढे आहे. वार संपतो त्या क्षणी योद्ध्याच्या अंगाभोवती निळसर ठिपके चमकतात आणि आत, शरीराकडे गोळा होऊ लागतात. ते नेमके जमले की आर-वन हे बटण दाबायचं. वेळ साधली तर खर्चलेला दम लगेच परत येतो. घाई केली तर थोडकाच येतो, उशीर झाला तर संधी गेली. ज्या भुतांशी लढायचं ती जमिनीवर काळसर डबकी पसरतात. त्यात उभं राहिलं की दम भरून यायला फार वेळ लागतो. पण वेळेवर घेतलेला हा श्वास ती डबकीसुद्धा पुसून टाकतो. आणि समोरच्यालाही दम आहेच! त्याचा संपला की तो ढेपाळतो, आणि तीच आपली वेळ.

त्याच्या जोडीला तलवार धरण्याच्या तीन पद्धती आहेत: जोदान, चुदान, गेदान. म्हणजे वर, मध्ये आणि खाली. वरचा वार जबर, पण दम खाणारा. खालचा हलका, पण पळायला मोकळा. शत्रू पाहून त्या बदलत राहायच्या.

जपानी आवृत्तीत या श्वासाला ‘झानशिन’ म्हणतात. शब्दशः अर्थ, मागे उरलेलं मन. वार झाला तरी मन तिथेच जागं हवं. हा शब्द खेळवाल्यांनी बनवलेला नाही, तो जपानी युद्धकलांतला आहे. केंदोच्या, म्हणजे बांबूच्या तलवारीच्या सामन्यात फटका अचूक बसला तरी तेवढ्याने गुण मिळत नाही. फटक्यानंतरही खेळाडू सावध उभा आहे का, हे पंच पाहतात. मारल्यावर हात उंचावून आनंद साजरा केला तर दिलेला गुण काढूनसुद्धा घेतात. हे कळल्यावर ते आर-वनचं बटण मला फार मोठं वाटायला लागलं.

आता गोष्ट. आपण ज्याला चालवतो तो विल्यम, सोनेरी केसांचा परदेशी माणूस. त्यामागचा खरा विल्यम अ‍ॅडम्स 1564 साली इंग्लंडमधल्या जिलिंगहॅमला जन्मला. 1598 मध्ये रॉटरडॅमहून पाच डच जहाजं निघाली, त्यांत हा वाट दाखवणारा खलाशी होता. 1600 च्या एप्रिलमध्ये त्यांतलं एकच जहाज जपानच्या क्यूशू बेटाला लागलं, तेव्हा त्यावर जेमतेम दोन डझन माणसं जिवंत उरली होती, आणि त्यांतलेही कित्येक उठून उभे राहू शकत नव्हते. तिथल्या जेसुइट पाद्र्यांनी यांना चाचे ठरवून ठार करा म्हटलं. पण तोकुगावा इएयासू या बलाढ्य जपानी सरदाराने अ‍ॅडम्सला ओसाकाला बोलावून घेतलं, स्वतः प्रश्न विचारले आणि त्याला जगू दिलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सेकिगाहाराची लढाई झाली आणि जपान इएयासूच्या हाती आला. पुढे अ‍ॅडम्सने त्याला पाश्चात्त्य पद्धतीची जहाजं बांधून दिली. त्याला जमीन मिळाली, मिउरा आंजिन हे नाव मिळालं. आंजिन म्हणजे जहाजाचा वाटाड्या. इंग्लंडमध्ये बायको आणि मुलगी होती, त्यांना तो पुन्हा भेटला नाही. 1620 मध्ये जपानमधल्याच हिरादोला तो वारला.

खेळात हाच माणूस लंडन टॉवरच्या तुरुंगातून सुटतो आणि आपला रक्षक आत्मा चोरणाऱ्या किमयागाराच्या मागे जपानला येतो. ही सगळी कल्पना. खरं सांगायचं तर कथा विस्कळीत आहे. हात्तोरी हान्झोसारखी ऐतिहासिक माणसं येतात, चार वाक्यं बोलतात आणि निघून जातात. शस्त्रांचा तर इतका ढीग पडतो की निवडत बसायचा कंटाळा येतो. पण लढाई सुरू झाली की या तक्रारी आठवत नाहीत.

हा खेळ घडायलाही दम लागला. 2004 साली तो जाहीर झाला, तेव्हा त्याचा पाया होता जपानी चित्रपट दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांची अपुरी राहिलेली एक पटकथा. मग केलेलं काम पुन्हा पुन्हा मोडीत निघालं. 2016 मध्ये खेळाचा नमुना लोकांना खेळायला दिला आणि त्यांना काय खटकलं ते विचारलं. वापरून शस्त्रं झिजतात, तुटतात ही गोष्ट खेळाडूंना आवडली नाही, तर ती काढून टाकली. घोषणेपासून खेळ हाती येईपर्यंत तेरा वर्षं गेली.

मला मराठी माणूस म्हणून दोन ठिकाणी ओळखीचं भेटलं. शत्रू मारल्यावर जे तेज मिळतं, ज्याने आपलं बळ वाढतं, त्याला खेळात ‘आमृता’ म्हणतात. आपलंच अमृत! आपण मेलो की ते मेल्या जागी राहतं. तिथवर परत पोचायच्या आत पुन्हा मेलो तर सगळं गेलं.

दुसरं म्हणजे नावच. निओ हे जपानी देवळाच्या वेशीवरचे दोन द्वारपाल. नारा शहरातल्या तोदाइजी मंदिराच्या दक्षिण दरवाजात 1203 साली उन्केई, काईकेई आणि त्यांच्या साथीदारांनी लाकडात घडवलेले निओ आहेत, आठ मीटरपेक्षा उंच. एकाचं तोंड उघडं, दुसऱ्याचं मिटलेलं. उघडं तोंड ‘अ’ म्हणतं, मिटलेलं ‘हूं’. संस्कृत बीजाक्षरं भारतातून चीनमार्गे तिथवर गेली, आणि हे द्वारपालही मुळात आपल्या बौद्ध परंपरेतल्या वज्रपाणीचं, म्हणजे हाती वज्र धरणाऱ्या रक्षकाचं रूप. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात गाभाऱ्याच्या एका बाजूला पद्मपाणी आणि दुसऱ्या बाजूला वज्रपाणी म्हणून ओळखलं जाणारं चित्र आहे, ते तुमच्यापैकी अनेकांनी पाहिलं असेल. दोन माणसांचं न बोलता जुळलं की जपानी लोक म्हणतात, यांचा ‘आ-उन’चा, म्हणजे त्याच ‘अ’ आणि ‘हूं’चा श्वास जुळला.

भाचा जायच्या आदल्या रात्री मी तो जहाजावरचा राक्षस पुन्हा गाठला. दोन वार, श्वास, बाजूला उडी. पुन्हा दोन वार, श्वास. भाचा शेजारी बसला होता, पण एक शब्द बोलला नाही. साखळ्या तुटल्या, राक्षस चपळ झाला, मी तलवार खाली धरून मागे सरकलो. शेवटचा वार बसला आणि तो कोसळला. समोर आता कोणीच नव्हतं, तरी माझ्या बोटाने आपणहून आर-वन दाबलं होतं, आणि निळे ठिपके योद्ध्याच्या अंगात परत येत होते.