सॅटेलमंड राजवाड्यातली झडप

(दृश्य: चिमट्यात धरलेली झडप, अगदी जवळून)
हृदयाची झडप खराब झाली की तिच्या जागी बसवायची ही कृत्रिम झडप. तिच्यातली ही पांढरी चकती बघा. प्लॅस्टिकची. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला एकदा उघडते, एकदा मिटते. दिवसाकाठी साधारण एक लाख वेळा. भोवतीची चौकट कोबाल्ट-क्रोमियमच्या मिश्रधातूची, आणि टाके घालायला पॉलिएस्टरची कापडी कड.

(दृश्य: राजवाडा, आत चाचणीचं यंत्र)
तिरुवनंतपुरमचं पूजप्पुरा. त्रावणकोरच्या राजघराण्यानं दिलेल्या या वाड्यात श्री चित्रा तिरुनाल संस्थेची प्रयोगशाळा आहे. परदेशी झडप गरिबाच्या आवाक्याबाहेरची, म्हणून हृदयशल्यविशारद डॉ. एम. एस. वलियथन यांनी अभियंत्यांना हाताशी धरून ती इथेच करायला घेतली. तीन नमुने वाया गेले. पहिल्याचा जोड तुटला. दुसऱ्याचा धातू झिजत गेला. तिसऱ्यात नीलमणी स्फटिकाची चकती होती, दिसायला देखणी, ती तडकली. चौथ्यात साधं पण कमालीचं चिवट प्लॅस्टिक, पॉलिएथिलीन, आलं आणि टिकलं. ६ डिसेंबर १९९० ला ही झडप पहिल्यांदा माणसाच्या हृदयात बसली. आता बसवलेल्या झडपांचा आकडा लाखाच्या पुढे गेलाय.

(दृश्य: ऑपरेशन थिएटर)
आज एकाच रुग्णाला दोन बसणार आहेत, मिट्रल (डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली) आणि एओर्टिक (हृदयातून शरीराकडे रक्त जातं तिथली). लहानपणी घसा धरला, सांधे सुजले, ऱ्हुमॅटिक ताप येऊन गेला. झडपा मात्र कायमच्या खराब झाल्या. हृदय थांबवलंय, रक्त यंत्रातून फिरतंय. दोन झडपा म्हणजे हे थांबणं लांबतं, जोखीमही वाढते. आधी मिट्रल. माप घेतलं, कडेनं टाके घातले. छत्रीच्या काड्यांसारखे ताणलेले हे धागे, आणि त्यांच्यावरून झडप अलगद खाली उतरते. एकेक गाठ बसते. चकती मोकळी फिरते ना, ते हलवून पाहतात. मग एओर्टिक.

(दृश्य: ओपीडीची रांग, हातात आयएनआरचे, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्या तपासणीचे कागद)
बहुतेकांचा दम लागणं कमी होतं, जिना चढता येतो. प्राण्यांच्या ऊतींच्या झडपेसारखी ही काही वर्षांत जीर्णही होत नाही. बदल्यात जन्मभर रक्त पातळ ठेवायची गोळी, वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम. दोन झडपांना आयएनआर ३ च्या आसपास लागतो. घसरला तर गुठळी, अडकलेली चकती, पक्षाघात. चढला तर रक्तस्राव. मूल हवं असेल तर गरोदरपणाआधीच डॉक्टरांशी बोलायचं, कारण वॉर्फरिन गर्भाला बाधू शकतं. दात काढतानाही झडपेचं सांगायचं. आधी अँटिबायोटिक घ्यावं लागतं.