एकाची बोटं, दुसऱ्याचा चाकू

मंडळी, आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर तक्रार नको. आज हेरशॉफ बंधूंच्या ज्या नौकांच्या कारखान्याबद्दल बोलणार आहे, त्यानं बांधलेल्या सगळ्यात गाजलेल्या शर्यतीच्या नौका आज बघायला मिळत नाहीत. त्या भंगारात गेल्या. मग वारसा कशाला म्हणायचं, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरेच दिवस घोळत होता.

अमेरिकेत ऱ्होड आयलंड नावाचं चिमुकलं राज्य आहे. तिथल्या ब्रिस्टल गावात हेरशॉफ घराण्यातले हे दोघे भाऊ वाढले. थोरला जॉन १८४१ चा, धाकटा नथॅनिएल १८४८ चा. मिसरूड फुटायच्या वयातच जॉनची नजर पूर्ण गेली. तरीही १८६३ मध्ये त्यानं होड्या बांधायचा धंदा काढला. नथॅनिएल एमआयटीत शिकला, कॉर्लिस कंपनीत वाफेच्या इंजिनांवर घासला, आणि १८७८ मध्ये दोघं भागीदार झाले.

गिऱ्हाइकाशी बोलणं, सौदा ठरवणं, खर्चाचा अंदाज तोंडी मांडणं, ही खाती जॉनकडे. नथॅनिएल अबोल. नौका कशी दिसेल हे तो आधी कागदावर काढत नसे. लाकडाचा ठोकळा घ्यायचा आणि चाकूनं, रंध्यानं कोरत बसायचं. नौकेची एकच बाजू, म्हणजे उभी चिरल्यावर उरेल ती अर्धी. तिला अर्धप्रतिकृती म्हणू. ती जॉनच्या हातात जायची आणि जॉन तिच्यावरून बोटं फिरवायचा. पाणी कुठून सरकेल, कुठे अडेल, हे तो स्पर्शानं सांगे. आपल्याकडे कोकणातले जुने सुतारही नकाशाशिवाय मचवा उभा करत, तेव्हा आपल्याला याचं फार नवल वाटू नये. नवल आहे ते पुढच्या पायरीचं.

प्रतिकृतीची मापं नथॅनिएल एका उपकरणानं काढी आणि वहीत उतरवी. त्या आकड्यांवरून प्रत्येक बरगडीचा वेगळा साचा तयार होई. साचे उलटे मांडायचे, वाफेवर मऊ केलेलं लाकूड त्यांवर वाकवायचं, आणि नौका पालथी बांधायची. एकदा साचे झाले की तीच नौका पुन्हा हुबेहूब बांधता येते. म्हणजे हातानं कोरलेला आकार, पण त्याची नक्कल यंत्राच्या काट्यानं. माझ्या मते या माणसाची खरी करामत इथे आहे. बक्षिसं त्यानंतर येतात.

आणि बक्षिसं आलीच. १८७६ मध्ये त्यानं ‘अमॅरिलिस’ ही जोडनौका, म्हणजे दोन सांगाडे शेजारी जोडलेली कॅटामरान, उतरवली आणि न्यूयॉर्कच्या शर्यतीत सगळ्यांना इतकं मागे टाकलं की पुढे असल्या नौकांना तिथे मज्जावच झाला. (इंग्रजीतला ‘कॅटामरान’ हा शब्द आपल्या शेजारच्या तमिळमधला आहे: कट्टुमरम, बांधलेली लाकडं.) मग १८९३ ते १९२० या काळात अमेरिकाज कप हा नौकाशर्यतींचा मानाचा चषक राखणाऱ्या नौका एकामागून एक ब्रिस्टलमधूनच बाहेर पडल्या: ‘व्हिजिलंट’, ‘डिफेंडर’, ‘कोलंबिया’ दोनदा, ‘रिलायन्स’, ‘रेझोल्यूट’. सर थॉमस लिप्टन, तोच चहावाला, या काळात ‘शॅमरॉक’ नावाच्या चार नौका घेऊन आला आणि चारही वेळा हात हलवत परतला.

‘रिलायन्स’बद्दल थोडं थांबून बोलतो. साल १९०३. नियम असा की पाण्याच्या रेषेवर नौका ९० फुटांपेक्षा लांब नको. नथॅनिएलनं नियम पाळला, पण नाळ, म्हणजे पुढचं टोक, आणि मागचं टोक पाण्यावर लांबच लांब बाहेर काढलं. एकूण लांबी १४० फुटांच्या वर. वाऱ्यानं नौका कलली की ती टोकं पाण्याला टेकत आणि पाण्यातली लांबी वाढे. लांबी वाढली की वेगही. शीड १६,००० चौरस फुटांचं, खलाशी ६४. एवढं करून ती एकच हंगाम धावली आणि १९१३ मध्ये मोडीत निघाली. ‘डिफेंडर’ची गत आणखी वाईट. तळ ब्राँझचा आणि वरचा भाग ॲल्युमिनियमचा. खाऱ्या पाण्यात या दोन धातूंची सोयरीक जमत नाही. ॲल्युमिनियम झिजत गेलं. सहा वर्षांत तीही भंगारात. श्रीमंतांची हौस होती, फिटली.

गंमत म्हणजे याच सुमारास नौकांच्या मोजणीचा नवा नियम मांडला तो याच नथॅनिएलनं. लांबी आणि शीड यांच्याबरोबर नौकेचं वजनही हिशेबात धरायचं, म्हणजे ‘रिलायन्स’सारखी अचाट नौका बांधायचा मोह कुणाला होणार नाही. स्वतःच पळवाट शोधायची आणि स्वतःच तिला कुंपण घालायचं!

आता १९१४. बझर्ड्स बे भागातल्या पालकांना मुलांसाठी होडी हवी होती. तो उपसागर खवळलेला, वारा दुपारी चढणारा. नथॅनिएलनं पाण्याच्या रेषेवर साडेबारा फूट, एकूण सुमारे सोळा फूट अशी होडी कोरली. तळाला शिसं, म्हणजे पोरांनी गोंधळ घातला तरी सहज उलटू नये. त्या कारखान्यानं अशा साडेतीनशेच्या आसपास होड्या बांधल्या.

जॉन १९१५ मध्ये वारला. कारखाना परक्या हातांत गेला, नंतर लिलाव झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर तो बंदच पडला. नथॅनिएल १९३८ पर्यंत जगला, नव्वद वर्षं. १९७१ मध्ये ब्रिस्टलमध्ये त्यांच्या नौकांचं संग्रहालय उभं राहिलं.

पण साडेबारा फुटी होड्या अजून शर्यतीत धावतात. फायबरग्लासमध्ये उतरवलेल्या त्यांच्या प्रतीही जुन्या लाकडी होड्यांच्या बरोबरीनं उतरतात, कारण आकार आणि वजन तेच राखलं आहे. लाकडी होड्यांच्या फळ्या कुजतात, बदलतात, आणि शिडाची दोरी हातात धरून आठ-दहा वर्षांचं एखादं पोर त्यांत बसलेलं असतं.