पट्टी, पीडीएफ आणि पंचाहत्तर टाइल्स

मंडळी, जाहीर केलेला विषय आहे ‘नकाशावरून क्षेत्रफळ आणि लांबी मोजणारी परवडणारी सॉफ्टवेअर’. बोलायला पाऊण तास ठरला होता. हार-नारळ होता होता माझ्या वाट्याला वीस मिनिटं उरलीत. चहाचा वास सुटलाय, तेव्हा पंधराच धरू.

आपल्या प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात टीप असते: लिहिलेली मापंच धरावीत, पट्टीने मोजू नये. आणि इस्टिमेटवाला दिवसभर नेमकं तेच करतो! भिंतीची लांबी लिहिलेली असते हो, पण अर्धगोल गॅलरीचं क्षेत्रफळ कोण लिहितं? त्यासाठी पूर्वी प्लॅनिमीटर असायचा. आम्सलर नावाच्या स्विस गृहस्थाने १८५४ साली त्याचं सुटसुटीत रूप काढलं. टोक कडेवरून फिरवा, चाक क्षेत्रफळ सांगतं. माझा पेटीत घालून आणलाय.

आता माझी फजिती. एका मंगल कार्यालयाची फरशी होती, ५,००० चौरस फूट. प्लॅन पीडीएफमध्ये आला, मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून ए-३वर प्रिंट काढून आणली. त्याने मशीनवर ‘फिट टू पेज’ ठेवलेलं. प्रिंट ९७ टक्के झाली. १२ फुटांची खोली साडेअकराच्या थोडी वर भरते, डोळ्याला काही जाणवत नाही. पण क्षेत्रफळात चूक दोन्ही बाजूंनी खाते: ९७ गुणिले ९७, म्हणजे ९४ टक्के. सुमारे ३०० चौरस फूट गायब. पाच टक्के वेस्टेज धरलं होतं, ते कापण्या-फुटण्यातच गेलं, आणि २ बाय २च्या पंचाहत्तर टाइल्स कमी पडल्या. दुकानदार म्हणाला, तो लॉट संपला. नवा लॉट आला तो किंचित पिवळसर. आता हॉलच्या टोकाला हळद लागल्यासारखा पट्टा आहे. मालक भला माणूस, प्रत्येक लग्नाला बोलावतो आणि जेवायला मला त्याच पट्ट्यावर बसवतो.

(हशा ओसरल्यावर.) चिठ्ठी आली, ‘५ मि.’

तर सॉफ्टवेअर. आर्किटेक्ट डीडब्ल्यूजी, म्हणजे ऑटोकॅडची मूळ फाइल, देत असेल तर काहीही विकत घेऊ नका. ऑटोडेस्कचं डीडब्ल्यूजी ट्रूव्ह्यू फुकट आहे, मोजतं. डीएक्सएफ, म्हणजे इतर सॉफ्टवेअरनाही उघडता येणारी ड्रॉइंगची फाइल, असेल तर लिब्रेकॅड, तेही फुकट. फक्त युनिट बघा; मिलिमीटरमध्ये काढलेल्या खोलीचं उत्तर चौरस मिलिमीटरमध्ये येतं, चौरस मीटरसाठी दहा लाखांनी भागायचं. आणि ड्राफ्ट्समनने डायमेन्शनचा आकडा हाताने बदललाय का तेही. हा रोग जुना आहे.

पीडीएफ असेल तर साधा अ‍ॅक्रोबॅट रीडरही मोजतो, स्केल आपण भरायचं. प्लॅनवर लिहिलेल्या स्केलवर विसंबू नका. लिहिलेलं एक लांब माप आडवं मोजा, एक उभं मोजा. स्कॅन केलेला कागद एकाच दिशेने ताणलेला असतो, तो इथेच पकडला जातो.

पैसे कुणी टाकावेत? महिन्याला चार-पाच टेंडरं भरणाऱ्याने. ब्लूबीम, प्लॅनस्विफ्ट ही मंडळी मोजलेला भाग रंगवून ठेवतात, आकडे एक्सेलला देतात. ब्लूबीम सुधारित ड्रॉइंग जुन्यावर ठेवून फरकही दाखवतं, आणि आपल्याकडे ‘आर-७’पर्यंत सुधारणा येतात! पण वर्गणी वर्षाची आहे. महिन्याला एक बंगला करणाऱ्याला ती झेपणार नाही. घेण्याआधी ट्रायलमध्ये आपलं जुनं, फायनल बिल झालेलं काम मोजून बघा. विक्रेत्याचा नमुना प्लॅन नको, तो नेहमीच चौकोनी असतो.

आणि प्लास्टरमध्ये ०.५ चौरस मीटरपर्यंतचं ओपनिंग, म्हणजे खिडकी-झरोका, वजा करायचं नाही, हे आयएस १२००, बांधकाम मोजणीचं भारतीय मानक, सांगतं. यातल्या कुणालाही ते आपसूक कळत नाही, आपणच सांभाळायचं. स्कर्टिंगची लांबी, दारं वजा करून... बरं, बरं, थांबतो. प्लॅनिमीटर बाहेर चहाच्या टेबलाशेजारी ठेवतो. हाताळा, पण कप लांब धरून.