टोल-फ्री, पण टोल कुणाचा?

(कोथरूडमध्ये लहान व्यावसायिकांच्या बैठकीत दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

विषय पत्रिकेवर छापलाय तोच आहे: फ्री ट्रायलमध्ये टोल-फ्री नंबरवरून धंद्याचे एसएमएस. रविवारी सकाळी हे ऐकायला एवढी माणसं आली, त्यातली निम्मी ‘टोल’ वाचून खेड-शिवापूरच्या नाक्याबद्दल काहीतरी ऐकायला मिळेल म्हणून आली असावीत. त्यांनीही बसावं, चहा आहे. (हशा)

मुळात ‘टोल-फ्री’ हा शब्दच अर्धा खरा. अमेरिकेत १९६७ साली ८०० ने सुरू होणाऱ्या नंबरांची सेवा आली, ती लांबच्या कॉलचे पैसे फोन घेणाऱ्याने भरावेत म्हणून. नंबर संपत आले तशी १९९६ मध्ये ८८८ ची भर पडली, मग ८७७, ८६६, ८५५, ८४४, ८३३. म्हणजे पैसे कुणीतरी भरतच होतं. कुणीच न भरण्याची युक्ती काढली ती आपण. ‘घरी पोचलास की मिस्ड कॉल दे.’ माझ्या मामांकडे तर एक रिंग म्हणजे पोचलो आणि दोन रिंगा म्हणजे जेवायला येतोय, असा कोड होता. असो. एसएमएसच्या बाबतीत तर ‘फ्री’ला अर्थच उरत नाही. तिथल्या टोल-फ्री नंबरला गिऱ्हाइकाने मेसेज केला तर तो त्याच्या स्वतःच्या प्लॅनमधून जातो.

आता माझी गोष्ट. माझी मावसबहीण न्यू जर्सीत एडिसनला असते, घरून दिवाळीचा फराळ करून विकते. २०२४ च्या गणपतीत तिचा फोन आला, “दादा, चाळीस घरांना ‘ऑर्डर तयार आहे’ असा मेसेज आपोआप जायला हवा. तुझं सॉफ्टवेअरचं दुकान आहे ना?” बहिणीने ‘दुकान’ म्हटलं की माणूस पेटतो. मी प्रोग्रॅममधून मेसेज पाठवू देणाऱ्या एका कंपनीची फ्री ट्रायल घेतली (नाव विचारू नका, चूक निम्मी माझीच आहे), एक टोल-फ्री नंबर उचलला आणि दुपारभरात प्रोग्रॅम लिहून मोकळा झालो. स्वतःवर खूश.

रात्री अटी वाचल्या. ट्रायलमध्ये मेसेज फक्त आधी पडताळलेल्या नंबरांनाच जाणार. पडताळायचं कसं? त्या माणसाच्या फोनवर ओटीपी जातो, तो आपण इथे भरायचा. म्हणजे चाळीस काकूंना पुण्याहून फोन करायचा: “नमस्कार, तुम्ही मला ओळखत नाही, तुमच्या मोबाइलवर आत्ता सहा आकडे आलेत, ते जरा सांगता का?” (मोठा हशा)

हसू नका, मी केला. इथे संध्याकाळचे सात, तिथे सकाळचे साडेनऊ. पहिल्या काकू सांगलीच्या. त्यांनी मला शांतपणे विचारलं, “तुमच्या आईला माहीत आहे का तुम्ही हे उद्योग करता?” दुसऱ्या घरी एका काकांनी पत्ता मागितला, पोलिसांसाठी. तिसऱ्या काकूंनी सांगितला ओटीपी, पण दोन दिवस त्यांना झोप लागली नाही म्हणे. चौथा फोन मी केलाच नाही. शेवटी फक्त बहिणीच्या नंबरवर मेसेज गेला, आणि त्याच्या सुरुवातीला कंपनीने स्वतःची ओळ चिकटवली होती, की हा ट्रायल खात्यावरून आलाय. चकलीच्या आधी जाहिरात.

मग पैसे भरले. आता तरी जाईल? नाही. ३१ जानेवारी २०२४ पासून तिथे ज्या टोल-फ्री नंबरची स्वतःची पडताळणी झालेली नाही त्याचे मेसेज अडवले जातात, हे मला दसऱ्याला कळलं. फॉर्म भरला. धंद्याचं नाव, पत्ता, वेबसाइट, नमुना मेसेज, महिन्याला किती जाणार, आणि गिऱ्हाइकाने परवानगी कशी दिली त्याचा पुरावा. बहीण म्हणाली, “पुरावा कसला, आरतीला भेटल्या तेव्हा विचारलं ना मी!” तेच लिहिलं. अर्ज परत. दिवाळी गेली, फराळ फोन करूनच वाटला.

(आयोजकांची चिठ्ठी आली आहे: ‘सात मिनिटे’. बरं.)

तर मुद्दा एकच. ट्रायलच्या दिवसांत मेसेज जातो का एवढंच बघत बसू नका. त्या दिवसांत परवानगीची व्यवस्था उभी करा. ऑर्डरच्या फॉर्मवर एक रिकामी चौकट, शेजारी ‘मला मेसेज चालतील’, आणि त्याचा स्क्रीनशॉट. कोड दुपारभरात होतो, कागदाला आठवडे लागतात.

टोल-फ्रीच का? देशभर एकच नंबर, त्यावर कॉलही येतो आणि मेसेजही. साध्या दहा आकडी नंबरवरून पाठवायचं तर धंद्याची वेगळी आणि मोहिमेची, म्हणजे मेसेज कशासाठी पाठवणार त्याची, वेगळी नोंदणी लागते.

मराठी मजकुराचं गणित घरी जाऊन करा. इंग्रजीत एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात. एक जरी देवनागरी अक्षर घातलं तर सगळा मेसेज ७० वर येतो, आणि काना-मात्रा, हलन्त वेगळे मोजले जातात. नुसतं ‘सप्रेम नमस्कार’ मध्ये १४ गेले. पुणेकराने मायना आवरावा.

आणि हे सगळं तिकडचं. इथे पुण्यात १८०० चा नंबर घेऊन त्यावरून मेसेज पाठवू म्हणाल तर तो रस्ता नाही. ‘ट्राय’च्या, म्हणजे दूरसंचार नियामकाच्या, २०१८ च्या नियमांप्रमाणे डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी-व्यवस्थेवर) धंद्याची नोंद, सहा अक्षरी हेडर (पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारं नाव), मंजूर टेम्प्लेट (मजकुराचा साचा). हेडरच्या शेवटी आता पी, एस, टी, जी यांपैकी एक अक्षर लागतं: पी दिसला की जाहिरात, एस म्हणजे सेवा, टी म्हणजे व्यवहार, जी म्हणजे सरकारी. नको असलेल्या मेसेजचा त्रास झाला तर तक्रार १९०९ वर. डीएलटीवर खरं तर वेगळं व्याख्यान लागेल, बोलावलंत तर येईन.

एक प्रश्न आला होता, गिऱ्हाइकाला नको असेल तर? अमेरिकेत त्याने इंग्रजीत ‘स्टॉप’ लिहून पाठवलं की टोल-फ्रीवर नेटवर्कच त्या नंबरचे मेसेज बंद करतं, तुम्ही काही केलं नाही तरी. बहिणीचा नंबर अखेर मंजूर झाला, संक्रांतीला गुळपोळीचा पहिला मेसेज गेला. त्या सांगलीच्या काकूंचं उत्तर आलं, “नको गं, शुगर वाढलीये.” यंत्राला ते कळलं नाही. होळीला त्यांना पुरणपोळीचाही गेला.